गुबेर्नातर आणि आंधळा घोडा

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या हॉटेलसमोर बस इंजिन सुरू ठेवून उभी होती आणि आत लॉबीत सहा रशियन पुरुष आपापल्या बॅगांवर गप्प बसले होते. मला वाटलं, कुणाची वाईट बातमी आली की काय. मिनिटभराने सगळे एकदम उठले. "प्रवासाला निघण्याआधी जरा टेकायचं असतं," त्यांच्यातल्या वादिम नावाच्या साहाय्यकाने मला समजावलं.

मी पुण्यात हौसेने रशियन शिकले, एका कारखान्यात मशिनची माहितीपत्रकं भाषांतरित केली, मग नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून रीडिंगला आले आणि माझं रशियन माळ्यावर गेलं. आता इथल्या एका भाषांतर एजन्सीचा नेहमीचा दुभाषा आजारी पडला म्हणून माझी वर्णी लागली होती. सायबेरियातल्या एका ओब्लास्टचे (प्रांताचे) गुबेर्नातर (प्रांतप्रमुख) इथला कारभार बघायला आले होते. "दोन दिवस नीट पार पाडा, तुमचं नाव कायमच्या यादीत घालते," एजन्सीच्या हेलनने सांगितलं होतं. आदल्या दिवशी मला आनंदाने जेवण गेलं नव्हतं.

गुबेर्नातरांना सगळे 'अनातोली सेर्गेयेविच' म्हणत. तिकडे मोठ्या माणसाला त्याचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. मला ते एकदम घरचं वाटलं.

मिल्टन कीन्सला एका इंजिनियरने आम्हाला राउंडअबाउटमागून राउंडअबाउट (सिग्नल नसलेले गोल चौक) दाखवले. अकराव्याला अनातोली सेर्गेयेविच म्हणाले, "इतके सोपे रस्ते असतील तर आंधळा घोडासुद्धा गुबेर्नातर होईल." इंजिनियर उत्सुकतेने माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "साहेबांना तुमची शिस्त फार आवडली." तो खूश झाला. लग्न जमवताना मध्यस्थ दोन्हीकडचं बोलणं असंच गोड करून पोचवतो, आणि त्यात मी आमच्या मावशीच्या हाताखाली तयार झालेली. अनातोली सेर्गेयेविचांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दुपारी जॅकेट पोटॅटो (सालीसकट भाजलेला बटाटा) आला. सायबेरियाच्या माणसाने दोन खाल्ले आणि तिसऱ्याची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी नॉटिंगहॅमच्या पुढे, दोन्ही बाजूंना पिवळ्याधमक फुलांची शेतं मागे टाकत, एका लहान गावी पोचलो. तिथल्या कौन्सिलचा प्रमुख सायकलवरून आला आणि त्याने स्वतःच सगळ्यांना चहा ओतून दिला. "पण याची गाडी कुठे आहे?" अनातोली सेर्गेयेविचांनी मला दोनदा विचारलं. माझी तर मजाच चालली होती.

मग सभा. शेवटची दहा मिनिटं गावकऱ्यांच्या प्रश्नांसाठी असतात. डोरीन नावाच्या आजीबाई भाजीची चाकांची पिशवी घेऊन उठल्या आणि दोन आठवडे कचरा उचललेला नाही म्हणून प्रमुखाला चांगलंच फैलावर घेतलं. तो मान खाली घालून लिहून घेत होता.

"हिला बोलायची परवानगी कुणी दिली?" अनातोली सेर्गेयेविच कुजबुजले.

"कुणी नाही. तिचा नंबर आला," मी म्हटलं.

तेवढ्यात डोरीनबाई आमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? तुम्ही कामाचे निघाला नाहीत, तर तुमची माणसं तुम्हाला घालवतात कशी?"

वादिम माझ्या कानाशी आला. "विचारताहेत की तिकडे हवा कशी आहे, एवढंच सांगा."

हवा सांगितली असती तर सगळे हसत घरी गेले असते आणि माझं नाव यादीत लागलं असतं. पण समोरची बाई डोळे माझ्यावर रोखून उभी होती. मी तिचा प्रश्न जसाच्या तसा रशियनमध्ये ठेवला.

अनातोली सेर्गेयेविचांनी चहाचा कप खाली ठेवला. मग सावकाश बोलले. वादिम म्हणाला, "हे भाषांतर करू नका." ते म्हणाले, "करा."

दुभाष्याने 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हटलं, "पूर्वी माणसं मत देऊन मला घालवू शकत होती. आता मॉस्कोहून एक फोन पुरतो."

डोरीनबाई म्हणाल्या, "मग इथेच निवडणुकीला उभे राहा की. कचऱ्याचं बघायला कुणीतरी हवंच आहे." मी तेही सांगितलं. अनातोली सेर्गेयेविच पोट धरून हसले.

संध्याकाळी रीडिंगला विमानतळाची गाडी यायच्या आधी त्यांनी मला शेजारी बॅगेवर बसवलं. मिनिट संपलं तेव्हा त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "काल माझा घोडा कुठे गेला?" माझे कान तापले. "आज मात्र आला," ते म्हणाले आणि निघाले.

घरी पोचते तोच नवरा दारात. "अगं, हेलनचा फोन आहे. होल्डवर ठेवलाय. अपसेट वाटतेय."

माझंही सगळं आता एका फोनवर आलं होतं. मी आधी जिन्याच्या पायरीवर टेकले, मिनिटभर, आणि मग रिसिव्हर घेतला.

"वादिमची तक्रार आली आहे, की तुम्ही नको ते भाषांतर केलंत," हेलन म्हणाली. "आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर गव्हर्नरनी लिहिलंय की पुढच्या वेळी हीच बाई हवी. मी कुणाचं ऐकू?"

"पुढच्या वेळी तेच येतील की नाही, ते मॉस्कोला ठाऊक," मी म्हटलं. "पण आज जे बोलायचं ते ते बोलले आणि मी पोचवलं. तुम्ही त्यांचंच ऐका."

पलीकडून यादीचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि हेलनने माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं.