मामाची जागा

माझा भाऊ अमेरिकेत बिनकागदाचा आहे. हे मी आता कुणासमोरही बोलते, अगदी महाडच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक टोप वाजवून बघत असतं तेव्हासुद्धा. पूर्वी आमच्या घरात याबद्दल कुणी ब्र काढत नसे. 'त्याला सुट्टी मिळत नाही' असं म्हणायचं आणि विषय पावसापाण्यावर न्यायचा, ही आबांनी घातलेली रीत. आबा म्हणजे माझे वडील. ऐंशी उलटलेले, कापडे गावी भातशेती, ताठ मान, आणि मुलगा परदेशात असल्याचा गावाला पुरून उरेल एवढा अभिमान.

भाऊ गेला तो रीतसर व्हिसावर, फिरायला म्हणून. मुदत संपली तरी राहिला. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागला, तिथेच लग्न केलं. भावजय मेक्सिकोच्याही खालच्या एका लहानशा देशातली, तीही बिनकागदाचीच. मुलं मात्र तिथे जन्मली म्हणून तिथली. म्हणजे एका ताटाभोवती बसणाऱ्या चौघांतल्या दोघांना कुणी केव्हाही उचलून न्यावं आणि उरलेल्या दोघांना हात लावू नये, असा तो संसार. तिच्याबद्दल आबांनी एवढंच विचारलं होतं, "भाकरी करते का गो ती?" मी म्हटलं, करते, मक्याची. "मंग चालंल," म्हणाले.

माझ्या मुलीचं पोलादपूरच्या मुलाशी जमलं तेव्हा पहिला फोन मी भावाला केला. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की आम्ही बोलतो, तेव्हा त्याचं काम आटोपलेलं असतं. तो लगेच म्हणाला, "ताई, मी येतो. पोरीच्या मागे मामा नको उभा राहायला?"

आमच्याकडे नवरीला मामा बोहल्यावर आणतो आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत हातात नारळ घेऊन तिच्या मागे उभा राहतो. माझ्या मुलीला सख्खा मामा हा एकच. पण तो तिथून एकदा बाहेर पडला की वर्षानुवर्षं त्याला परत आत घेणार नव्हते. "आणि पोरं?" मी विचारलं. "बघू," तो म्हणाला. त्याचं हे 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी भरल्या नदीत उडी टाकण्याआधीही तो हेच म्हणायचा.

मला पटवत बसण्यापेक्षा त्याने परस्पर आबांना कळवून टाकलं. आबांनी सगळ्या गावाला. मी कापड्याला धावले. अंगणात खाट टाकून बसले होते, चेहरा असा फुललेला की मला बोलायचा धीर होईना. तरी बोलले. आबा, तो आला तर तिकडे त्याची मुलं बापाविना राहतील.

"मी नाय ऱ्हायलो पोराबिगर?" आबा म्हणाले.

मी चहा न घेताच उठून आले.

मग लग्नाची बैठक आमच्याकडे ठरली. नवऱ्या मुलाचे चुलते त्यांच्या घरातले वडीलधारे, निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. टीव्हीवर त्या दिवसांत अमेरिकेतून परत पाठवलेल्या माणसांचं विमान दाखवत होते, हातात बेड्या घातलेली माणसं. गुरुजी म्हणाले, "बरं झालं. घुसखोर तो घुसखोर. आपल्याकडे आलेले असोत नाहीतर आपल्याकडून तिकडे गेलेले."

मला ते एका अर्थी आवडलं. आमच्या बाजारपेठेत बहुतेकांचे नियम दोन असतात. बांधकामावरचा परका गवंडी दिसला की हाकला त्याला, आणि आपला भाचा परदेशात अडकला की सरकार झोपलंय का. गुरुजींचा निदान एकच होता. आबा मात्र खाली मान घालून सुपारी कातरत राहिले. त्यांची ती वाकलेली मान बघून माझं डोकं फिरलं.

"गुरुजी, शेताला बांध हवा हे कापड्याच्या मुलीला शिकवायला नको," मी म्हटलं. "माझा भाऊच तसा आहे तिकडे. चुकला तो. त्याला दंड करा, काय करायचं ते करा. पण बापाला विमानात घालून मुलांना मागे ठेवायचं, ही शिक्षा कुणाला झाली? त्या मुलांनी कुठला बांध मोडला?"

आमचे हे चहा बघायला म्हणून आत गेले ते गेलेच. गुरुजींनी चष्मा पुसला. "आणि रांगेत उभं राहून कागद करणाऱ्यांना काय सांगायचं, विहीणबाई?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही पुरतं नाही. पण मला त्या दिवशी देशाचा कायदा ठरवायचा नव्हता, माझ्या घरातलं ठरवायचं होतं. मी म्हटलं, "मामा लग्नाला येणार नाही. मीच त्याला येऊ देणार नाही."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. गुरुजींनी त्यांना जाताना पाहिलं. मग म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. पण यात लग्न अडायचं काही कारण मला दिसत नाही."

दुसऱ्या सकाळी शटर अर्धंच उघडून फोन लावला. भावाला सांगितलं, तू आलास तर मी तुला मांडवात पाय ठेवू देणार नाही. तो रडला. मी दुकानात भांड्यांच्या थप्पीमागे उभी राहून रडले. मला माझा भाऊ हवा होता, हे काय सांगायला हवं? पण त्याच्या पोरांना तो जास्त हवा होता, आणि माझा निर्णय बरोबर होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

लग्नापर्यंत आबा माझ्याशी बोलले नाहीत. हॉलवर आले ते थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले. मामाच्या जागी उभं राहायला मी एका चुलत भावाला तयार ठेवलं होतं. लाउडस्पीकरवर पुकारलं, "नवरीच्या मामांना विनंती, नवरीला घेऊन यावे." चुलत भाऊ फेटा सारखा करत उठू लागला. त्याच्या आधी आबा उठले. त्याच्या हातातला नारळ त्यांनी काढून घेतला, आत गेले आणि नातीचा हात धरून तिला घेऊन आले.

"आजोबा, इथे मामा लागतो," भटजी हळूच म्हणाले.

"म्हाईत हाय. माज्या पोराची जागा हाय ती," आबा म्हणाले. "तो येईस्तोवर मी उभा हाय."

मंगलाष्टकं लांबली. आबा एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेताना मला लांबून दिसत होते. पलीकडच्या बाजूने गुरुजी स्वतः खुर्ची उचलून घेऊन आले आणि आबांच्या मागे ठेवून, बसा म्हणाले.

आबांनी वळूनही पाहिलं नाही. "मामा बसत नाय," ते म्हणाले.