वर्तुळाबाहेरची मंडळी

आमच्या देवासच्या मराठी मंडळात कुठलं काम कुणाला द्यायचं याचा निर्णय फार सोपा असतो. सभेला जो आला नसेल, त्याला. त्या रविवारी सराव परीक्षेच्या पेपरांमुळे मी सभेला गेले नाही आणि संध्याकाळी सचिवकाकांचा फोन आला. धारला युवक मेळावा होता. देवासची अठरा मुलं तिथे न्यायची होती आणि ती मी न्यायची होती.

"काका, मी शाळेत गणित शिकवते. मेळाव्यातलं मला काय कळतंय?"

"अगं, तुला काही करायचं नाही. पुण्याहून एक तज्ज्ञ येताहेत. ते गोलात उभं करून मुलांचे खेळ घेतात. मुलं मोकळी होतात म्हणे त्याने."

मुलं मोकळी व्हायची राहिली आहेत, असं बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही वाटलं नव्हतं. पण काका माझ्या वडिलांचे मित्र, लहानपणापासून त्यांना नाही म्हणायची सवयच नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास स्वतःवर चिडत बसले.

देवासला मराठी माणसं दोन तऱ्हेची. आमच्यासारखी, ज्यांचे पणजोबा संस्थानाच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. आणि दुसरी, कारखाने निघाल्यावर नोकरीसाठी आलेली. पहिल्यांना वाटतं, खरं मराठी आपलं. दुसऱ्यांना वाटतं, यांचं मराठी म्हणजे हिंदीची खिचडी. आणि दोन्हीकडची मुलं आपसात सरळ हिंदी बोलतात. मंडळाला त्याचीच काळजी होती, म्हणून हा मेळावा.

सहाला निघायची बस पावणेसातला निघाली. माझ्या मागच्या सीटवर एक सोळा वर्षांची मुलगी होती. वडील खानदेशातून कारखान्यात आलेले, ती स्वतः जन्मापासून देवासची. बसल्यापासून ती फोनवर मैत्रिणीशी हिंदीत बोलत होती. इंदूर येईपर्यंत मी ऐकून घेतलं. मग मागे वळले.

"निदान आजच्या दिवस तरी मराठीत बोल. कशासाठी चाललोय आपण?"

तिने फोन बंद केला, खिडकीकडे तोंड केलं आणि धार येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. काकाही बरोबर आले होते. पुढच्या सीटवरून त्यांनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली.

धारच्या मंडळाच्या सभागृहात तिथली वीसेक मुलं आधीच येऊन बसली होती. पुण्याचे सर तिशीतले, खादीचा कुर्ता घातलेले, गळ्यात शिट्टी. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. त्या उत्साहाचाच मला त्रास व्हायला लागला.

"चला, सर्कल करू या. मोठ्यांनीपण यायचं. एनर्जी हवी, एनर्जी."

मला आणि काकांनाही उभं राहावं लागलं. पहिला खेळ नावाचा. प्रत्येकाने नाव सांगून एक हावभाव करायचा आणि त्याआधी आपल्या अगोदरच्या सगळ्यांची नावं आणि हावभाव करून दाखवायचे. गोलात चाळीस माणसं. पंधराव्यापर्यंत गंमत होती. सव्विसाव्याला मुलं जांभया द्यायला लागली. माझा नंबर तेहतिसावा. मी कुणाचा नाच, कुणाची बॅटिंग, कुणाचं पोळ्या लाटणं असं सगळं करून दाखवलं आणि शेवटी माझा हावभाव म्हणून हवेतच फळ्यावर लिहिल्यासारखं केलं. गुडघे दुखत होते. काकांनी नुसते हात जोडले. त्यांना मात्र कुणी काही म्हटलं नाही.

दुसरा खेळ सुतळीचा. एकाने सुतळीचं टोक धरून गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा, त्याने सुतळी धरून तिसऱ्याकडे, असं करत जाळं तयार करायचं. त्यातून आपण सगळे एकमेकांशी जोडलेले आहोत हे कळतं, असं सरांनी सांगितलं. जाळं झालं खरं. मग ते सुटेना. धारच्या दोन मुलांनी मुद्दाम खालून-वरून उड्या मारल्या, काकांच्या चपलेत सुतळी अडकली, आणि शेवटी स्वयंपाकघरातून सुरी आणून ती कापावी लागली. या सगळ्यात पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मी वर्गसमीकरणं संपवली असती.

तिसरा खेळ चेंडूचा. सर चेंडू फेकत आणि झेलणाऱ्याला एक प्रश्न विचारत. उत्तर मराठीत द्यायचं. हिंदीचा एक जरी शब्द आला, की गोलाबाहेर.

"सकाळी नाश्त्याला काय खातोस?"

"पोहे-जलेबी."

"जिलबी. आउट."

पुढचा मुलगा म्हणाला, "मी क्रिकेट खेळून राहिलो होतो." सर हसले. "खेळून राहिलो? हे मराठी नाही. आउट." आमच्याकडे सगळे असंच बोलतात, घरात माझी आईदेखील. तिसरीने "मला मालूम नाही" म्हटलं आणि तीही गेली. अर्ध्या तासात पंचवीस-तीस मुलं व्हरांड्यात गेली होती.

मग चेंडू माझ्याकडे आला.

"मॅडम, लहानपणीची आवडती जागा कुठली?"

"टेकडीच्या पायथ्याशी एक दगडी चबुतरा होता. तिथे आम्ही भातुकली मांडायचो."

"चबुतरा?" सर थांबले. "तो हिंदी झाला ना मॅडम. मराठीत ओटा. सॉरी, आउट."

मी वाद घातला नाही. मुलांसमोर पाहुण्यांशी काय हुज्जत घालायची, असं मनाशी म्हणत बाहेर गेले, पण कानशिलं तापली होती. माझे वडील रोज 'चबुतरा' म्हणायचे आणि त्यांच्याइतकं नेटकं मराठी मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. घरी गेल्यावर मी त्यांचा जुना शब्दकोश काढला. शब्द होता. त्या पानाचा फोटो मी सरांना पाठवला. उत्तरात त्यांनी प्रामाणिकपणे चूक कबूल केली, पण त्यानेही माझं पूर्ण समाधान झालं नाही.

व्हरांड्यात वेगळाच प्रकार चालला होता. बाहेर काढलेल्या मुलांनी आपणहून गोल केला होता आणि ओढणीला पीळ देऊन कोडा जमालशाई सुरू केला होता. एकजण गोलाच्या मागून धावत कुणाच्या तरी पाठीशी गुपचूप ओढणी टाकतो, ज्याच्या पाठीशी टाकली त्याने ती उचलून त्याच्यामागे पळायचं, लक्षात आलं नाही तर पाठीत फटके खायचे. धारची आणि देवासची मुलं सकाळपासून वेगवेगळी बसली होती, ती आता एकमेकांना फटके मारत होती. हिंदी, माळवी, मराठी सगळं एकत्र. "अरे भिया, मागे बघ ना मागे." आत सातजण उरले होते आणि सातही जण दाराकडे बघत होते.

मी दारात उभी राहून दोन्हीकडे पाहत होते. आतल्या सातांत माझी बसमधली मुलगी होती. तिच्याकडे तोवर चेंडूच गेला नव्हता. आता गेला. तिने तो झेलला आणि प्रश्न यायच्या आधीच म्हणाली,

"सर, एक विचारू?"

"विचार की. पण मराठीत हं."

"तुम्ही सकाळपासून इंग्लिश बोलून राहिले. सर्कल, एनर्जी, सॉरी. तुम्ही बाहेर नाही गेले. आम्ही हिंदीचा एक शब्द बोललो की आउट. आउटपण इंग्लिशच आहे ना? मग इंग्लिश चालते आणि हिंदी नाही, हे कसं?"

उद्धटपणा नव्हता तिच्या बोलण्यात. गणितातली पायरी कळली नाही की मुलं विचारतात, तसं तिने विचारलं. सरांचा चेहरा लाल झाला. ते ओशाळून हसले.

काका मात्र भडकले. "पाहुण्यांशी बोलायची ही रीत झाली? माफी माग आधी." मग माझ्याकडे वळले. "तू सांग गं हिला. तुझ्या गटातली आहे."

काकांना मी जन्मात उलट बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलायचं काही ठरवलं नव्हतं. पण दोन तास मी मनातल्या मनात जे धुमसत होते, ते या मुलीने चार वाक्यांत सरळ विचारलं होतं. आणि याच मुलीला सकाळी मी गप्प केलं होतं.

"मी काही सांगणार नाही, काका," मी म्हटलं. "तिचं बरोबर आहे. बसमध्ये मी तिला रागावले, तेही चुकलंच."

 काका खुर्चीवर जाऊन बसले आणि जेवणापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

सरांनी मुलीच्या हातून चेंडू घेतला. "मग मीही बाद," ते म्हणाले, शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन मुलांच्या गोलात बसले. दोन मिनिटांत त्यांच्या पाठीशी ओढणी पडली. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. पाठीत तीन फटके बसल्यावर ते उठून पळाले. नंतर ते मुलांना विचारत होते, याला माळवीत काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. मुलं सांगत होती, एकमेकांना खोडून काढत होती. सरांच्या यादीतले बाकीचे खेळ झालेच नाहीत.

जेवायला दाल-बाफले होते, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. काकांनी माझ्या पानात न विचारता दुसरा बाफला वाढला, म्हणजे राग उतरला होता. तरी म्हणालेच, "तू तिची बाजू घ्यायला नको होतीस. मंडळाची काही शिस्त असते."

"असते ना," मी म्हटलं. "शिस्त सगळ्यांना सारखी असली म्हणजे झालं."

परतताना ती मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. मंडळात रविवारी मी मराठीचा वर्ग घेते, त्याला येशील का, असं मी तिला विचारलं. मनात म्हटलं, आता तरी ही हो म्हणेल.

"रविवारी माझं कोचिंग असते, मॅडम," ती म्हणाली. "फिजिक्सचं. सकाळी पण, दुपारी पण." मग जरा विचार करून म्हणाली, "माझ्या लहान भावाला पाठवते. त्याला बिलकुल नाही येत."

भाऊ आला. आठ वर्षांचा आहे, एका जागी बसत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला "मेरे को नहीं पता" म्हणतो. वर्गात आता सहा मुलं आहेत. सुरुवातीची पंधरा मिनिटं गोलात काढतो. खेळ मुलं ठरवतात आणि कुठलाही शब्द आला तरी कुणी बाहेर जात नाही. त्या शब्दाचं मराठी मी नंतर, हळूच सांगते. कधीकधी तोच शब्द चारदा सांगून माझा आवाज चढतो. तेव्हा हा भाऊ माझ्याकडे बघून शांतपणे, चक्क मराठीत म्हणतो, "मॅडम, तुम्ही रागावून राहिल्या." वाक्य सुधारायला मी तोंड उघडते, पण माझ्या घरीही असंच बोलतात.