तीन मसाले आणि उभ्या रेघा

चहा घ्या आधी. मसाल्याचा नाही, साधाच आहे. मसाला हा शब्द आमच्या घरात सध्या जरा जपून वापरतात. का ते सांगतो. फक्त मधे हसू नका, भांडायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

तुम्हाला माहितीय, मी परळला एका टॉवरमध्ये काम करतो. कंपन्यांचे अहवाल, माहितीपुस्तिका वगैरे नीटनेटके करून छपाईला पाठवायचे, हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांचे तक्ते सरळ करत बसतो. आडव्या ओळी, उभे रकाने. वर्षानुवर्षं एकच काम केलं की माणसाचं काहीतरी मत होतंच. माझं असं झालं होतं, की चांगल्या तक्त्यात उभी रेघ नसते. वर एक जाड रेघ, मथळ्याखाली एक बारीक, तळाला एक जाड, संपलं. चौकटी आखणारे लोक म्हणजे जेवायच्या ताटात भिंती बांधणारे. हे वाक्य मी ऑफिसात इतक्या वेळा म्हटलंय, की मी 'जेवायच्या' म्हटलं की पुढचं समोरचाच पूर्ण करतो.

तर आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर परब काकू राहतात. चाळीचं महिला मंडळ म्हणजे परब काकू, बाकीच्या सभासद. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटून त्या कंटाळल्या होत्या. या वेळी त्यांनी ठरवलं, पुस्तिका काढायची. बायकांच्या पाककृती, प्रत्येकीचा फोटो, आणि मधल्या पानावर तीन मसाल्यांचं प्रमाण. मालवणी मसाला स्वतः काकूंचा, कोळी मसाला वरळी कोळीवाड्यातल्या त्यांच्या मैत्रिणीचा, हिराबाईंचा, आणि गोडा मसाला दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचा. हे सगळं छापायचं काम अर्थात माझ्याकडे. चाळीत कॉम्प्युटरवाला एकच, असा त्यांचा समज आहे. आता घरोघरी कॉम्प्युटर आहे, पण समज आहे तो आहे.

काकूंनी मसाल्यांचा तक्ता स्वतः करून आणला होता. ड्रॉइंगचा मोठा कागद, लाल पेनानं आखलेल्या चौकटी. डावीकडे जिन्नस, मग तीन रकाने, मालवणी, कोळी, गोडा. जो जिन्नस ज्या मसाल्यात पडत नाही, तिथे ठसठशीत फुली. तीळ आणि सुकं खोबरं फक्त गोड्या मसाल्यात पडतं, म्हणून त्या ओळींत दोन-दोन फुल्या आणि मग शेवटी प्रमाण. खरं सांगू का? त्यात काहीही चूक नव्हती. पण मला तो कागद शाळेच्या हजेरीपटासारखा दिसला. मी काकूंना म्हटलं, ठेवा माझ्याकडे, प्रोफेशनल करून देतो.

आणि मी तो प्रोफेशनल केला.

सगळ्या उभ्या रेघा काढल्या. आडव्याही तीनच ठेवल्या. फुल्या तर मला अजिबात बघवेनात, त्या उडवल्या. तिथे जागा कोरी सोडली. कोरी जागासुद्धा बोलते, असं माझं आणखी एक वाक्य आहे. आता नाही म्हणत.

पुस्तिकेची पानं लावायचं काम मंगेशकडे दिलं होतं. मंगेश माझा शाळेतला मित्र, गिरगावात एका वाडीत त्याचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, दहाव्या-तेराव्याचे कागद, निवडणुकीची पत्रकं, सगळं लावतो. तो म्हणाला, मूळ कागदाचा फोटो पाठव, मी बघून लावतो. मी म्हटलं, छे. मी तुला प्लेन टेक्स्ट पाठवतो. म्हणजे निव्वळ साधा मजकूर, ज्यात ठळक-बारीक, रंग, चौकट काहीही नसतं. त्यात मी स्पेसबार दाबून दाबून रकाने एकाखाली एक आणले. माझ्या स्क्रीनवर काय सुंदर दिसत होतं ते. मराठी अक्षरं अशी रांगेत उभी करणं सोपं नाही, पण मी केली. आणि खाली मंगेशसाठी सूचना लिहिली, 'तीन आडव्या रेघा, वरची-खालची जाड, मधली बारीक. बाकी कृपया तक्त्याला हात लावू नये.'

मंगेशनं हात लावला नाही.

प्रूफ आलं तेव्हा मी ते हात लांब करून बघितलं. आम्ही असंच बघतो, म्हणजे पान कसं दिसतंय ते कळतं. रेघा तीन, जाडी बरोबर, रकाने ताठ. उजव्या बाजूला तर छान मोकळी जागा आलेली. मला वाटलं, मंगेशलाही शेवटी डिझाइन समजायला लागलं. वाचलं का, असं विचारताय? वाचायचं काय त्यात, जिन्नस तर मीच टाइप केले होते. काकूंनाही प्रूफ दाखवलं. त्यांनी स्वतःचा फोटो बघितला आणि दुसरा काढायला लावला.

संक्रांतीला वाण वाटून झालं. कौतुक झालं. एका बाईंनी 'किती सुटसुटीत' असं म्हटलं, ते मी आठवडाभर जपलं.

मग उन्हाळा तापायला लागला. म्हणजे आमच्याकडे मसाल्याचा हंगाम. गल्लीत मिरच्यांचे ढीग, मसाला कुटणाऱ्या डंकांचा दणदणाट, येणारा-जाणारा शिंकतोय. अशा दिवसांत एकदा ऑफिसात नव्या मुलांना तक्ता कसा असावा ते शिकवायचं होतं, तर मी नमुना म्हणून तीच पुस्तिका नेली. सगळ्यांसमोर मधलं पान उघडलं, रेघा दाखवल्या, ताटातल्या भिंतींचं वाक्य म्हटलं. शिल्पा नावाची आमची एक सहकारी आहे, मूळची वेंगुर्ल्याची. ती पान जवळ घेऊन वाचत होती. मला बरं वाटलं. मग तिनं शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे मालवणी मसाल्यात अर्धा किलो खोबरं घालतात?"

मी म्हटलं, छे, कसं घालतील.

"आणि तीळ?"

मी पुस्तिका तिच्याकडून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाचली.

झालं होतं असं. मंगेशच्या सॉफ्टवेअरला माझ्या स्पेसबारचं काही कौतुक नव्हतं. मधे कितीही मोकळी जागा असली तरी ते तिला एकच फट धरतं. त्यामुळे जिथे जिथे मी कोरी जागा सोडली होती, ती चेपली गेली आणि पुढचं प्रमाण डावीकडे सरकलं. गोड्या मसाल्यातलं खोबरं, तीळ, सगळं चालत चालत मालवणीच्या रकान्यात येऊन बसलं होतं. मध्ये एक उभी रेघ असती तर अडलं असतं. एखादी फुली असती तरी अडलं असतं. उजवीकडची ती छान मोकळी जागा म्हणजे गोडा मसाला होता.

मी मंगेशला फोन केला. तो म्हणाला, तूच लिहिलं होतंस हात लावू नकोस म्हणून. मी म्हटलं, अरे पण मालवणी मसाल्यात खोबरं, तुला कळलं नाही? तो म्हणाला, मी चित्पावन, माझा मालवणी मसाल्याशी काय संबंध?

मुद्दा त्याचा बरोबर होता. मी फोन ठेवला.

आता मुंबईबाहेरचं कोणी म्हणेल, एवढं काय झालं? अहो, हा मसाला वर्षाचा असतो. एकदा कुटला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोच. माशाला तोच, मटणाला तोच, उसळीला तोच. त्यात खोबरं गेलं तर चव गेलीच, वर पावसाळ्यात खवट वास यायची भीती. पुस्तिका चाळीत घरोघर गेलेल्या, कोळीवाड्यातही गेलेल्या. मला डोळ्यांसमोर अख्ख्या लालबागची जेवणं दिसायला लागली. अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि निघालो.

आधी परब काकूंकडे. त्या मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं, माफी मागितली, म्हटलं, मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाका, कोणी पान बघून मसाला करू नका. काकूंनी देठं काढायचं थांबवलं नाही.

"अरे झिला, पुस्तक वाचून मसालो कोण करता?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग छापलं कशाला?

"फोटोसाठी."

पण मी अडून बसलो. म्हटलं, एखादीनं केला असेल तर? काकूंना माझी दया आली असावी. म्हणाल्या, जा, विचारून ये.

मग मी चाळ पालथी घातली. एकेक दार वाजवायचं, मान खाली घालून विचारायचं. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आमचं प्रमाण सासूबाईंचं, दुसरं चालतच नाही. त्यांच्या शेजारणीला पुस्तिका सापडेना, सापडली ती दूधवाल्याचे खाडे लिहिलेली. गोडा मसाला ज्यांचा होता त्या बाईंकडे गेलो, म्हटलं, काकू, तुमचा रकाना जवळजवळ रिकामा छापून आलाय. त्या म्हणाल्या, हो का? नाव बरोबर आलंय ना? एकीनं तर मला पाणी दिलं आणि विचारलं, पुस्तिकेत मसाले पण आहेत का?

संध्याकाळी वरळीला गेलो. हिराबाई मासळीच्या टोपल्या धुऊन दारात टेकल्या होत्या. त्यांचा कोळी मसाला. त्यांनाही मी तीच कथा सांगितली. त्यांनी मला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाल्या की त्यांना वाचायला चष्मा लागतो, तो नातीकडे आहे, पण फोटो फार चांगला आलाय, भिंतीवर लावलाय. बघितला मी. मधलं पान फाडून लावला होता. फोटोच्या मागच्या बाजूला माझा तक्ता, भिंतीला तोंड करून, खळीनं चिकटवलेला.

येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली, पण मला काय वाटत होतं ते धड कळत नव्हतं. संकट टळलं होतं. कोणाचाही मसाला बिघडला नव्हता. कारण कोणीही वाचलं नव्हतं. एवढ्या बायकांमध्ये एकीनंसुद्धा? चूक होती म्हणून बरं झालं, पण बरोबर असतं तरी नसतंच वाचलं ना? थकलो होतो हो, पायही दुखत होते आणि आणखीही काहीतरी.

घरी आलो. मेघा, माझी बायको, कणीक मळत होती. ती नाशिकची. मी खुर्चीत पडलो आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. हसत हसत सांगितलं. हिराबाईंची भिंत, दुधाचे खाडे, सगळं. म्हटलं, बघ, इतका घाबरलो मी उगाच. एकाही बाईनं त्या पानावरून मसाला केला नाही.

मेघाचा हात कणकेत थांबला.

"म्हणजे," ती म्हणाली, "खोबरं नव्हतं घालायचं?"

आमच्याकडे मसाला करायची माझी आई. या वर्षी गुडघ्यांमुळे ती गावी कुडाळलाच राहिली आणि यायला जमणार नाही म्हणाली. मेघानं मनावर घेतलं होतं. सासूला फोन करून विचारायचं नाही, आपण आपलं करून दाखवायचं. मला सांगितलंसुद्धा नव्हतं, मला चकित करायचं होतं म्हणून. मागच्याच आठवड्यात मी ऑफिसात असताना तिनं सगळे जिन्नस आणले, भाजले आणि डंकावर कुटून आणले.

ती म्हणाली, डंकवाल्यानं विचारलं होतं, ताई, मालवणीत एवढं खोबरं? तर तिनं त्याला पान काढून दाखवलं होतं.

"मी म्हटलं, माझ्या मिस्टरांनी केलंय हे. ते रोज हेच काम करतात. चुकणार नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. बरण्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होत्या, कोऱ्या कापडानं तोंडं बांधलेल्या. एकीवर खडूनं लिहिलं होतं, मालवणी.

रविवारी मी बांगडे आणले. तिनं सार केलं. रंग लालभडक, वर तेलाचा तवंग, बघूनच भूक लागावी. पहिला घास घेतला आणि मला भरल्या वांग्याची आठवण आली. दुसरा घेतला, वांगीच. बांगडा तेवढा मधे मधे लागत होता, चुकून आल्यासारखा. मेघानं विचारलं, कसं झालंय? मी म्हटलं, छान. ती म्हणाली, खरं सांग. मी आणखी एक वाटी घेतली. त्याहून खरं मला काही बोलता आलं नाही.

जेवण होतंय तोच आईचा फोन. मेघानं स्क्रीनवर नाव बघितलं आणि फोन माझ्यापुढे सरकवून ताटं उचलायला लागली. आईनं बाकी चौकशी केली आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलंच. मसालो केलास काय रे?

म्हटलं, मेघानं केला. एकटीनं. दिसायला तर असा झालाय, आई, की नुसतं बघत राहावं.

"दिसाक काय करूचा हा?" आई म्हणाली. "चवीक कसो झालो?"

आत ताटांचा आवाज थांबला होता. मी बरणीकडे बघितलं, मग दाराआडून दिसणाऱ्या मेघाच्या पाठीकडे.

म्हटलं, "आई, तू मुंबईला कधी येतेस?"