पाचचे दहा आणि चार तिकिटं

आमच्या नाट्यगृहाच्या फाटकाशी एक माणूस तीस वर्षं ओठ न हलवता बोलायचा, "पाचचे दहा, पाचचे दहा." पाचचं तिकीट दहाला. लोकांनी त्याचं नावच ते ठेवलं. मी शेजारचं सायकलस्टँड सांभाळायचो, म्हणून एवढं तरी खात्रीने लिहितो.

या धंद्यापायी त्याने तीनदा कोठडी पाहिली. नाट्यगृह मात्र आतून कधी पाहिलं नाही. हातातलं तिकीट स्वतः वापरणं म्हणजे त्याच्या लेखी पेरणीचं बियाणं खाणं. बायको म्हणायची, "अख्ख्या गावाला आत बसवलंत. मला कधी नेणार?"

म्हातारपणी तिच्या आवडत्या गायिकेचा शेवटचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा त्याने नेण्याचा शब्द दिला. सून त्याचा मोबाईल घेऊन बसली. पैसे भरायच्या वेळी आकडा फुगला.

"हे काय?"

"सुविधा शुल्क, बाबा."

"कुणाची सुविधा?"

"तुमची. घरबसल्या तिकीट मिळतं ना."

"आणि हे खालचं?"

"सेवा शुल्क. त्याखाली शुल्कावरचा कर."

त्याने सगळे आकडे बोटाने पुन्हा मोजले. मग म्हणाला, "मी उन्हात उभं राहून सेवा केली, तर पोलिसांनी पाठ सोलली. पाचचे दहा म्हणत बसलो. शुल्क म्हणायला हवं होतं."

पण जित्याची खोड. दोनऐवजी त्याने चार तिकिटं घ्यायला लावली. दोन बसायला, दोन चढ्या भावाने विकून शुल्क वसूल करायला. घेतल्यावर कळलं की विकायचीही त्याच तिकीटवाल्या कंपनीमार्फत. विकणाऱ्याकडून शुल्क, घेणाऱ्याकडूनही शुल्क. तो आकडा बघून एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही.

कार्यक्रमाच्या दुपारी बायको ठेवणीतले कपडे घालून नाट्यगृहाच्या दारात उभी, आणि हा फाटकाशी, हातात मोबाईल. "दहाचे पाच, दहाचे पाच."

एका पोराने विचारलं, "आजोबा, खरी आहेत का?" असं त्याला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

रखवालदार आला. "इथं तिकिटं विकायची नाहीत."

"अर्ध्या किमतीत देतोय."

"म्हणूनच संशय येतोय."

दुसरी घंटा झाली. बायको फाटकापर्यंत आली. "अहो, तिसरीला मी आत जाणार. यायचं तर या, नाहीतर राहा उभे. सवय आहेच तुम्हाला."

त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मोबाईल खिशात टाकला आणि निघाला. मी जुन्या सवयीने तिथेच घुटमळत होतो. "भावजी, तुम्हीही चला," ती म्हणाली. मी नको नको म्हणेपर्यंत आत होतो.

बाहेर पाटी होती हाउसफुल्लची. आत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. त्याने मान वळवून वळवून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागला, "सगळ्यांनी माझ्यासारखीच विकायला घेतलेली दिसतायत. पण माझ्या तिकिटावर माणूस तरी बसायचा."

"शू," बायको म्हणाली. पडदा वर गेला होता. तिने चौथ्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली. तो ती मांडीवर घ्यायला गेला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला.

"बसू दे तिला. शुल्क भरलंय."