पिवळ्या पट्टीच्या बाहेर

झाडावर चढण्याआधी मामा बुंध्यावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "येऊ का गो?" झाड वडाचं असो नाहीतर शिरीषाचं, सगळ्यांना 'गो'च. मी एकदा डिवचलं, "मामा, वडाला तरी 'रे' म्हणा."

"एवढ्यांचं बिऱ्हाड अंगावर घेऊन उभी हाय. बाईच असणार ती."

यावर तुम्ही काय बोलला असतात?

ते रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात राहायचे. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडे सगळा जन्म चढण्यात गेला होता. मी पेणचा, एका कारखान्याच्या वसाहतीतली बाग सांभाळतो. आमची गाठ पडली ती सीनियर सुपरवायझरच्या कोर्सात. दर शनिवारी पेणला एका हॉलमध्ये वर्ग भरायचा. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं उतरवायचं, माणसं वर कशी पाठवायची आणि धड खाली कशी आणायची, हे सगळं शिकवायचे.

मला आपली बढतीची हौस. त्यांचं तसं नव्हतं. उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. दोर हातात आहे की नाही तेच कळायचं नाही. एकदा टपरीवर चहाचा ग्लास हातातून सुटला, तेव्हा मला सांगितलं. "आता वर जाणं संपलं. ही परीक्षा नाय झाली तर घरी बसायचं. आन घरी बसून मी काय करू, सांगा."

प्रात्यक्षिक एका जुन्या आंब्यावर होतं. फांदी पडायच्या जागेभोवती पिवळी पट्टी बांधलेली. सुपरवायझरने पट्टीच्या बाहेर उभं राहून तोंडाने काम करून घ्यायचं, माणूस वर असताना आत पाऊल टाकायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला धडा. चढणारा वर पोचला, करवत सुरू होणार, तेवढ्यात आमचे मामा पट्टी ओलांडून थेट बुंध्यापाशी. हात ठेवला. ओठ हलले.

"तिला विचारायचं राहिलं होतं," परीक्षकांना त्यांनी सांगितलं. परीक्षक भला माणूस. हसले, आणि नापास केलं.

एसटी स्टँडवर मीच चिडलो. "अहो, मनातल्या मनात विचारा ना! हात कशाला लागतो?"

"मनातलं तिला कसं कळणार?" एवढंच बोलले आणि रोह्याच्या गाडीत बसले.

दुसऱ्या खेपेला हात पाठीमागे बांधून उभे राहिले. झाडाकडे नीट बघितलंही नाही. एक चूक नाही. पास झाले, पेढे वाटले, स्वतः मात्र खाल्ला नाही.

पुढे एकदा धरमतरच्या रस्त्याला त्यांना साहेब म्हणून पाहिलं. पांढरं हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. वर एकजण फांदीवर. "पट्टा वरच्या फांदीला लाव. हां. आता नको, थांब. वारा हाय." वारा कसला, पानं जेमतेम हलत होती. चढणारा कंटाळून फांदीवर बसून राहिला. खिशात ठेकेदाराचा फोन वाजत होता, तो मामांनी उचलला नाही.

"मजा आहे, मामा."

"कसली मजा? काम ही पोरं करतात. मी नुसता उभा. कायच करत नाय मी." तक्रार नव्हती. आज पाऊस नाही म्हणावं तसं सांगितलं. नंतर फोनवरही तेच. "बरं हाय. काय करायचंच नसतं." मला राग यायचा. लोक अशा जागेसाठी जीव टाकतात!

थंडीत एका रात्री ते झोपेतच गेले. मी रोह्याला उतरलो, पूल ओलांडून अष्टमीत गेलो. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. काहीच आलं नाही. मामींनी "पेणचे भाऊ ना तुम्ही?" विचारलं, मी मान हलवली. मग अंगणात खुर्चीवर बसून समोरच्या दुकानाची पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

शेजारी येऊन बसला तो धरमतरच्या रस्त्यावरचा चढणारा. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा म्हणायचे, मी कायच करत नाय."

तो म्हणाला, "आधीच्या सुपरवायझरच्या टायमाला माझा भाऊ वरनं पडला. गेला. मामा आल्यापासनं मी रोज घरी गेलो."

"हे त्यांना सांगितलं होतंत?"

"नाय. रोज घरी जातो, त्यात सांगायचं काय?"

आतून हाक आली. आम्ही दोघं खांदा द्यायला उठलो.