सहदेवाचं गाऱ्हाणं

कोणी चारचौघांत बोलायला उभा राहिला की त्याचं कुठे चुकतंय ते शोधायचं, ही माझी जुनी खोड. मी सहसा कोणाला मानत नाही. सहदेवाला मात्र मानतो.

पोशीरजवळच्या आमच्या वाडीत चैत्रात बहिरीची पालखी निघते. त्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. घरटी नाव घेऊन राखण मागायची आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हा मान आबाजीच्या घराचा. त्रेचाळीस साली आबाजी वारला आणि मान त्याच्या लेकाकडे, सहदेवाकडे आला. सहदेव तोतरा. दुकानात मीठ हवं असलं तरी बोट दाखवून घ्यायचा.

चैत्र आला तसा चुलतभाऊ येसाजी म्हणाला, “तू नारळ फोड, गाऱ्हानं मी घालतो. देवापुढं हसं नको.”

“घ... घ... घालीन मीच. बानं मला दिलंय.”

देवळापुढची फरशी तापली होती आणि आम्ही सारे अनवाणी. सहदेव अडखळत एकेक घर घेऊ लागला. मागे कोणी फिसकन हसलं. मग सोनाबाईचं घर आलं. तिचा एकुलता एक मुलगा पोशा पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेलेला, वर्षभर त्याची काही खबर नव्हती. त्या नावाशी सहदेवाचे ओठ मिटले ते उघडेचनात. मान ताठ, डोळे बंद, आवाज नाही. कोणाला तरी दया आली आणि त्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाकलं. पाठोपाठ सगळेच म्हणाले.

आणि घोटाळा झाला. एकदा होकार पडला की ते मागणं संपलं. मागे येऊन राहिलेलं नाव घालता येत नाही, अशी आमची रीत. पोशाचं नाव राहिलं. सोनाबाईनं पदर तोंडाला लावला.

“जाऊ दे रं, फुडं चल,” येसाजी पुटपुटला.

सहदेवानं मान हलवली. हात पुन्हा जोडले आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. तेच शब्द, तेच अडखळणं, तोच घाम. आता कोणी हसलं नाही. तळपाय भाजत होते, पण सावलीला कोणी सरकलं नाही. पुन्हा सोनाबाईचं घर आलं. पुन्हा ओठ मिटले. या खेपेला सगळी वाडी गप्प उभी राहिली.

“पो... पो... पो... पो... पोशाला राख म्हाराजा!”

‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो. एवढं धैर्य मी कोणा पुढाऱ्यातही पाहिलं नव्हतं.

पालखी उचलताना येसाजी कुरकुरला, “येवढा येळ आबाजीकाकानं कदी लावला नाय.”

सोनाबाई गर्रकन वळली. “आबाजीभावजी येकदाच नाव घ्यायचे रं. आज देवानं माज्या पोशाला किती येळा ऐकलं!”