अर्धं ओढलेलं शटर

कपाट आवरताना लेन्सच्या डबीतली सिलिका जेलची जुनी पुडी हाती लागली आणि नारायण पेठेतलं कॅमेऱ्यांचं ते अरुंद दुकान आठवलं. तेव्हा मी आयटीत नवा होतो, परदेशातून मित्राकरवी मागवलेला डिजिटल कॅमेरा गळ्यात मिरवत होतो. वडील कार्तिकात पहाटेच्या काकड्याला पखवाज वाजवत. बोटांचे सांधे धरल्यामुळे पुढच्या वर्षी वाजवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं, म्हणून यंदा वाजवताना त्यांचे फोटो काढायचे होते. देवळात उजेड फक्त समयांचा आणि फ्लॅशला सक्त मनाई. मी दुकानातल्या सगळ्यात लांब झूम लेन्सकडे बोट दाखवलं. दुकानदारकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाघ मारायला निघालात?" मी काकड्याचं सांगितलं. त्यांनी ती लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली, दिवे घालवले, शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, "काढा आता माझा फोटो." त्या लेन्सने काका धुरासारखे पुसट आले. मग त्यांनी मुठीएवढी, झूम नसलेली स्वस्त लेन्स लावून दिली. "हिचं तोंड मोठं उघडतं, उजेड भरपूर घेते. फक्त तुम्हाला जवळ जाऊन बसावं लागेल." या फोटोत त्यांच्या भुवईचा केस न् केस दिसला. दुकान बंद समजून दोन गिऱ्हाइकं परत गेली, पण त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकड्याला मी वडिलांच्या गुडघ्याशी बसलो. इतक्या जवळ लहानपणानंतर कधी बसलो नव्हतो. पखवाजाच्या शाईवरची त्यांची सुजलेली बोटं लख्ख आली. आता कपाटात सात लेन्स आहेत. त्या घेताना कुणीच शटर ओढलं नाही.